शेऱ्याचा रकाना

१

बेक्तुर दुसऱ्यांदा गेला होता. माणूस जाऊन तीस वर्षं झाली होती, तो भाग वेगळा. आता नाहीशी झाली होती ती त्याची टेप. कोमुझच्या तीन तारांवर अख्खं खोरं डोलवणाऱ्या या माणसाचं आयुष्यात एकदाच ध्वनिमुद्रण झालं. ते काराकोलच्या लोकसंगीत भांडारात सुखरूप आहे, असं सगळे सदतीस वर्षं धरून चालले होते. शनिवारी त्याच्या गावी, कोक-बुलाकला, त्याच्या शंभरीचा सोहळा होता. सोमवारी टेप काढायला गेले, तर बेक्तुर नावाची टेप कुठल्याच फळीवर नाही.

सागिनला हे कळलं तेव्हा तो शिडीवर उभा राहून सफरचंदं उतरवत होता. पोलीस तपासातून निवृत्त होऊन त्याला दोन वर्षं झाली होती. चोरांपेक्षा सफरचंदं बरी, निदान विचारलं तर खोटं बोलत नाहीत, असं तो म्हणायचा. खाली अंगणात त्याची आई, चौऱ्याऐंशी वर्षांची अपा, चष्मा नाकावर ओढून गुरुवारच्या जेवणाची यादी करत बसली होती. सागिनच्या वडिलांच्या नावानं दरवर्षी या दिवसांत कुराण वाचायचं, बोर्सोक तळायचे आणि गल्लीला जेवू घालायचं, हा तिचा नेम होता.

"ही घे यादी," अपानं कागद वर धरला. "सगळ्यांना आमंत्रण गेलं पाहिजे. आणि निळ्या दारवाला विसरू नकोस. मागच्या वर्षी तोंड फुगवून बसला होता."

निळ्या दारवाला म्हणजे शेजारचा शार्शेन. चाळीस वर्षांचा शेजार होता, पण अपा त्याला निळ्या दारवालाच म्हणायची आणि घरात कुणालाही त्यात वावगं वाटत नसे. सागिननं यादी तशीच सुनेच्या हातात दिली. "बेगाय, तू फोन लावून टाक सगळ्यांना." बेगाय सहा महिन्यांपूर्वीच बिश्केकहून लग्न होऊन आली होती. कामाला वाघीण होती, पण गल्ली अजून तिच्या ओळखीची झाली नव्हती.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली आणि एर्मेक धावत आत आला. एर्मेक हा भांडाराचा नवा संचालक. सागिनच्या वर्गमित्राचा मुलगा, वय पस्तीस, कोट कडक इस्त्रीचा. तिकडच्या रीतीनं वडीलधाऱ्या पुरुषाला 'बायके' आणि बाईला 'एजे' म्हणायचं, तसं तोही म्हणायचा.

"सागिन बायके, खाली या जरा. घात झालाय."

"शिडी सोडून खाली आलो तर खरंच होईल. तिथूनच बोल."

एर्मेकनं मान वर करून सगळं सांगितलं. टेप नाही. आवक वहीत मात्र ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या हातची स्पष्ट नोंद आहे: सप्टेंबर एकाहत्तर, बेक्तुर, एक रीळ, पोचलं. म्हणजे आली होती, आणि कुणीतरी नेली. संशय एकाच व्यक्तीवर होता. भांडारपाल उमसुनाय, अठरा वर्षांची नोकरी, विधवा, एकटी राहणारी. वसंतात तिला तीन दिवस रोज एक जड पोतं टॅक्सीत घालताना चौकीदारानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"पोलिसांत का जात नाहीस?"

"गेलो की वर्तमानपत्रात येणार. मला शुक्रवार संध्याकाळपर्यंत टेप मिळवून द्या. नाहीतर नाइलाज आहे, तक्रार तिच्या नावानं लिहून तयार आहे. नोकरी तर जाईलच, वर चोरीचा शिक्का."

"आणि ती काय म्हणते?"

एर्मेकनं घाम पुसला. "तेच तर! पोती नेली हे ती कबूल करते, बायके. आत काय होतं ते मेली तरी सांगणार नाही म्हणते."

सागिन शिडीवरून उतरला.

२

मंगळवारी सकाळी तो भांडारात गेला. दारात चौकीदार जोलचू आश्ल्यानफूचा, म्हणजे थंड तिखट शेवयांचा, वाडगा घेऊन बसला होता. मिरचीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे तो उमसुनायबद्दल बोलताना रडतोय असंच वाटत होतं.

"बाई वाईट नाही हो. हिवाळ्यात टेपांच्या खोलीला स्वतःच्या घरचा गालिचा लावला तिनं. पण पोती मी पाहिली! ही एवढी. टोकं बाहेर आलेली, चौकोनी."

"टेपांची रिळं गोल असतात ना?"

जोलचूचा घास थांबला. "खोक्यात घातली की चौकोनीच," तो म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता.

आत एर्मेकच्या खोलीत तीन नवे संगणक होते. जिथं ते होते तिथं भिंतीवर लाकडी कपाटांचे फिकट ठसे उमटले होते. एर्मेक उत्साहानं पडदा दाखवू लागला. "चार हजार टेपा, बायके! पूर्वी एक टेप शोधायला अर्धा दिवस जायचा. आता नाव टाका, क्षणात फळीचा क्रमांक समोर. हे बघा. बेक्तुर." पडद्यावर उमटलं: काही सापडलं नाही.

"आणि पूर्वी कसं शोधायचे?"

"कार्डं होती. आमच्या बुरुल एजेनं लिहिलेली, जांभळ्या शाईत. चौतीस वर्षं तिनं दुसरं काही केलं नाही. आम्ही त्यातलं कामाचं सगळं उतरवून घेतलं. वादकाचं नाव, फळी, मिनिटं."

"आणि बिनकामाचं?"

"शेऱ्याचा रकाना होता एक. त्यात वाट्टेल ते. पाऊस होता, कुत्रं भुंकलं, वादकानं तपकीर ओढली. ते कुठं टंकत बसता! आणि कार्डांवर नावाच्या जागी नाव नसेल, तर सरळ 'अनोळखी'. दोनशे बारा आहेत तशा."

"कार्डं आता कुठं आहेत?"

"जाळली. जागा नव्हती. रीतसर दाखला आहे," एर्मेकनं कागद पुढे केला. खाली सही होती उमसुनायची.

सागिननं तो कागद दोनदा वाचला. "ही बुरुल एजे मला भेटेल का?"

"तिला जाऊन वर्ष होईल. मातीला गेलो होतो आम्ही. कोक-बुलाकला. गुडघाभर चिखल, माझे नवे बूट गेले," एर्मेक हळहळला. बुटांसाठी की बाईसाठी, ते कळलं नाही.

"आणखी कुणाला हवी होती ही टेप?"

"अल्माटीचा एक संग्राहक आला होता, लिओनिद नावाचा. मागेल ती किंमत देतो म्हणाला. मी नाही म्हटलं. बायके, माझ्याकडे असं बघू नका, खरंच नाही म्हटलं!"

सागिननं तिथूनच अल्माटीला फोन लावला. लिओनिद खदखदून हसला. "माझ्याकडे असती तर मी गप्प बसलो असतो होय? अख्ख्या मध्य आशियाला बोलावून ऐकवली असती!" हे सागिनला पटलं. बढाईखोर माणूस चोरी लपवू शकतो, पण चोरीचा माल लपवणं त्याला जमत नाही.

बाहेर पडताना फाटकात एक आडदांड माणूस जोलचूची गचांडी धरून उभा होता. "माझा आजा कुणाला विकलात, बोल!" तो गरजत होता.

३

तो कुबात होता, बेक्तुरचा नातू. सागिननं त्याला हाताला धरून समोरच्या चहाच्या दुकानात नेलं. दोन कप चहा पोटात गेल्यावर कुबात ताळ्यावर आला.

"मी वीस वर्षं नोवोसिबिर्स्कला ट्रक चालवला. गाव सुटलं, माणसं सुटली. आता परत आलो तर आजाचा आवाजही नाही? गावात चारशे माणसं जेवायला येणार आहेत. कर्णे भाड्यानं आणलेत. त्यातून काय ऐकवू, माझं घोरणं?"

"टेप इथंच होती हे तुला कुणी सांगितलं?"

"गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या शपथेवर सांगतात. सुखरूप आहे, आपल्याच माणसानं ठेवलीय म्हणतात. आणि बाबा सांगायचे ना! वर कुरणावर, तंबूत बसून वाजवलं होतं. निम्म्यात तार तुटली. शहरातला माणूस यंत्र बंद करायला लागला, तर आजा म्हणाला, हात लावशील तर याद राख. उरलेल्या दोन तारांवर संपवलं त्यानं." कुबातनं नाक पुसलं. "दोन तारांवर, बायके! मला ते ऐकायचंय. बाकी मला कुणाला तुरुंगात घालायचं नाही."

"आपल्याच माणसानं म्हणजे कुणी?"

"कुणास ठाऊक. मी विचारलं नाही. आमच्याकडच्या बायका एक सांगायला बसल्या की तीन तास जातात."

सागिनला हसू आलं, पण आत कुठंतरी खटकलं. इथं पाणी मुरत होतं. भांडारातली माणसं म्हणत होती टेप गेली, आणि वीस कोसांवरच्या म्हाताऱ्या म्हणत होत्या टेप आहे. त्या म्हाताऱ्यांना काय माहीत होतं?

४

बुधवारी दुपारी तो उमसुनायकडे गेला. दोन खोल्यांचं घर, खिडकीत झेंडू, टेबलावर साय आणि जर्दाळूचा मुरंबा आधीच मांडलेला. बाई पन्नाशीची, बारीक, ताठ. पाहुणचारात तिनं कसर ठेवली नाही.

"बायके, तुम्ही कशाला आलात ते मला माहीत आहे. आधी खा. मग विचारा."

सागिननं खाल्लं. मग विचारलं. "टेप तुम्ही नेलीत?"

"नाही."

"पोत्यांत काय होतं?"

तिनं मुरंब्याची वाटी त्याच्याकडे सरकवली.

"उमसुनाय एजे, परवा संध्याकाळी तक्रार जाणार आहे. एकदा चोर म्हणून नाव लागलं की पुसता येत नाही. मी तीस वर्षं पाहिलंय ते."

"पुसलं जात नाही, हो ना?" ती एकदम बोलली. "आणि नाव पुसून टाकलं तर परत लिहिता येतं का? टेप म्हणजे काय हो? एक तपकिरी पट्टी. कोण वाजवतंय, कुणाच्या तंबूत, कशासाठी, हे माहीत नसेल तर चार हजार पट्ट्या आहेत नुसत्या. त्या साहेबाला वाटतं फळीचा क्रमांक म्हणजे टेपेची ओळख. बुरुल एजेनं मला इतकी वर्षं काय शिकवलं असेल, तर हेच, की..." आणि ती थांबली. जास्त बोलून गेले हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

सागिननं विषय बदलला. हात चोळत त्यानं खोलीभर नजर फिरवली. भिंतीशी नेहमीसारखी लाकडी पेटी, आणि पेटीवर रजयांची थप्पी. लग्नात आलेल्या रजया सगळ्यांच्याच घरी असतात, कुणाकडे दहा, कुणाकडे वीस. इथली थप्पी छताला टेकली होती.

"बराच गोतावळा येतो वाटतं तुमच्याकडे?"

"कुणी येत नाही," उमसुनाय म्हणाली. "मी आणि झेंडू."

सागिन उठला आणि निरोप घेता घेता, म्हाताऱ्या माणसाचा तोल जावा तसा त्या थप्पीवर रेलला. कापसाची थप्पी आत दबायला हवी होती. ती भिंतीसारखी कडक होती.

५

"बसा, बायके," उमसुनाय खालच्या आवाजात म्हणाली. "आता तुम्हाला कळलंच आहे."

तिनं वरच्या चार रजया उतरवल्या. त्यांच्या मागे, त्यांच्या आत, प्रत्येक घडीत कार्डं होती. हजारो. दोऱ्यानं बांधलेल्या गठ्ठ्यांत, जांभळ्या शाईत, गोल सुबक अक्षरात.

"साहेबांनी जाळायला सांगितली. काडेपेटीही दिली हातात. मी अंगणात गेले आणि जुनी वर्तमानपत्रं जाळली. धूर तर सगळ्यांनी पाहिला! मग जाळली म्हणून सही केली. खोटी सही आहे ती. सरकारी कागदावर. आता पोत्यात कार्डं होती म्हणून सांगितलं, तर त्या सहीचं काय? आणि साहेब या वेळी स्वतः उभे राहून जाळतील. मला चोर म्हणू दे, पण ही राहू दे."

तीस वर्षांत त्यानं पुष्कळ चोर पाहिले होते. फेकून दिलेली वस्तू वाचवण्यासाठी चोर म्हणवून घ्यायला निघालेलं माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिलं, आणि ती बाई त्याला फार आवडली.

"मग या कार्डांत बेक्तुरचं कार्ड असेलच ना?"

"तेच तर रडगाणं आहे! सोमवारपासून चार वेळा सगळी पाहिली. रात्रीचा डोळा नाही. बेक्तुर नावाचं एकही कार्ड नाही. मला वाटायला लागलंय, कुणीतरी खरंच नेली टेप, कार्डासकट."

म्हणजे पोत्यांचं कोडं सुटलं होतं, आणि टेपेचं होतं तिथंच होतं. सागिन घरी गेला तेव्हा त्याच्याजवळ एक निर्दोष बाई होती, एक रागावलेला नातू होता, आणि उरलेले दोन दिवस.

६

गुरुवारी दुपारी अपाकडे अंगण भरलं. कुराण वाचून झालं, बोर्सोकांच्या राशी पडल्या, ताटं फिरू लागली. सागिनचं कशात लक्ष नव्हतं. आणि अशा वेळी फाटक आदळून शार्शेन आत आला, रागानं लालबुंद.

"वा! चाळीस वर्षांचा शेजारी! तुमच्या बोर्सोकांचा वास माझ्या घरात, आणि बोलावणं गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना, मला सोडून?"

अपानं कपाळाला हात लावला. "अगं बाई! सागिन, तुला बजावून सांगितलं होतं!"

"बेगाय!" सागिननं सुनेला हाक मारली. "शार्शेन बायकेंना फोन नाही केलास?"

बेगायचा चेहरा पडला. तिनं एप्रनच्या खिशातून यादी काढून सासऱ्याला, म्हणजे तिच्या अताला, दाखवली. "यादीत त्यांचं नावच नव्हतं, अता. सगळी नावं मी फोनच्या वहीतून शोधली. एकाच ठिकाणी लिहिलं होतं 'निळ्या दारवाला'. मला वाटलं, रंगारी असेल कुणी. मग मी तो सोडून दिला."

अंगण हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. शार्शेनचाही राग पळाला. "रंगारी! हे बरंय. आणा, रंगाऱ्याला वाढा."

सागिन मात्र हसला नाही. तो सुनेच्या हातातला कागद घेऊन बघत राहिला. अपाचं वळणदार अक्षर, प्रत्येकाचं नाव नीट, आणि मध्येच: निळ्या दारवाला, दोन माणसं.

"अपा," तो हळू म्हणाला, "तोंडानं घेत नाहीस ते माहीत आहे. पण कागदावरसुद्धा?"

"मग कागदाला काय कान नसतात?" अपा फणकारली. "सासऱ्यांचं नाव आहे ते. तुझ्या आजोबांचं. मी या घरची सून आहे की नाही?"

"आजोबा जाऊन पन्नास वर्षं झाली."

"म्हणून मी काय सून राहिले नाही? चुलत सासऱ्यांचं नाही घेतलं कधी, सख्ख्यांचं घेऊ?"

सागिन ताटावरून तसाच उठला. फोन कानाला लावून तो सफरचंदाखाली गेला. "उमसुनाय एजे, एकच सांगा. बुरुल एजे मूळची कुठली?"

"तोंगची. वडिलांचंच नाव लावायची शेवटपर्यंत. का?"

"आणि माती कुठं दिली?"

"कोक-बुलाकला. तुम्हाला माहीत नाही, काय चिखल होता तिथं..." आणि तिनं ते वाक्य तिथंच सोडलं. "बायके. बाईला माती सासरी देतात."

"देतात ना? गावातले सगळे थोरले सुनेला सासऱ्यासारखेच. मग बेक्तुरच्या गावची सून बेक्तुरचं नाव कार्डावर कसं लिहील? तुम्ही चार वेळा बेक्तुर शोधलात. आता बेक्तुर सोडून शोधा. नावाच्या जागी नाव नसलेलं कार्ड. मी येतोच आहे, येताना बोर्सोक आणतो."

"यायची गरज नाही," उमसुनाय म्हणाली. "असं एक कार्ड आहे. चारही वेळा हातात आलं आणि चारही वेळा मी बाजूला ठेवलं."

७

शुक्रवारी सकाळी एर्मेकच्या टेबलावर ते कार्ड होतं. सागिन एका बाजूला, उमसुनाय दुसऱ्या बाजूला, कुबात दारात.

"वाचा साहेब," सागिन म्हणाला. "जोरात. शेऱ्यासकट."

एर्मेकनं घसा साफ केला. "वादक: वरच्या घरचे थोरले. ठिकाण: तुयुक कुरण. सप्टेंबर एकाहत्तर. शेरा: निम्म्यात तार तुटली, पण थांबले नाहीत, दोन तारांवर पूर्ण केलं. बाहेर घोडी खिंकाळते ती आमची तपकिरी. हे तंबूत ऐकताना..." तो अडखळला. "हे तंबूत ऐकताना सगळे रडले, मीसुद्धा. नीट जपावं."

दारात कुबातनं भिंतीला डोकं टेकलं.

"तुमच्या संगणकात ही टेप आहे, साहेब," सागिन म्हणाला. "पहिल्या दिवसापासून आहे. दोनशे बारा अनोळख्यांपैकी एक. कुणी चोरली नाही. तुमच्या टंकणाऱ्या पोरांना ते नाव वाटलं नाही म्हणून त्यांनी माणूसच सोडून दिला. माझ्या सुनेनं काल तेच केलं, पण तिचा माणूस फाटक आदळून भांडायला तरी आला. टेपेला ते जमत नाही."

एर्मेक कानापर्यंत लाल झाला. "पण हे कार्ड... कार्डं तर जाळली होती."

उमसुनाय ताठ उभी राहिली. "नाही जाळली. सही खोटी होती. सगळी माझ्या घरी आहेत, रजयांत. मी स्वतः वर्तमानपत्रं अंथरून निजते. आता काय करायचं ते करा."

एर्मेकनं कार्डावरचा शेरा पुन्हा एकदा वाचला. पोरगा गर्विष्ठ होता, पण वाईट नव्हता, हे सागिनला ठाऊक होतं. शेवटी त्यानं खण उघडून दोन कागद काढले. एक तयार तक्रार, एक जाळल्याचा दाखला. दोन्ही एकावर एक ठेवून त्यानं चार तुकडे केले.

"एजे, चुकलं माझं. उरलेल्या दोनशे अकरांचं काय?"

"दोनशे अकरा कार्डं, दोनशे अकरा शेरे," उमसुनाय म्हणाली. "मला एक माणूस द्या आणि हिवाळा द्या. सगळ्यांना माणसांत आणते."

"तीन माणसं देतो. आणि कपाटं परत आणतो. संगणक सरकवू जरा."

मग फळीवरून रीळ आलं. भांडारात एकच यंत्र चालू होतं आणि पट्टी ठिसूळ झाली होती, म्हणून उमसुनायनं ठरवलं, ओळख पटेपर्यंतच वाजवायची, पूर्ण एकदाच, उद्या गावात. कोमुझ सुरू झाला. मग तटकन तार तुटली. कुबात म्हणाला, "पुरे. तोच आहे." आणि तो बाहेर जाऊन जोलचूच्या गळ्यात पडला.

८

शनिवारी कोक-बुलाकच्या माळावर चारशेची सातशे माणसं झाली होती. कुमिसचे, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, वाडगे फिरत होते, पोरं घोड्यांवर उधळत होती. कर्णे खांबांवर चढले आणि उमसुनायनं स्वतःच्या हातानं यंत्र सुरू केलं. तिच्या अंगावर ठेवणीतला निळा कोट होता, आणि गावातल्या म्हाताऱ्या तिला आपल्या ओळीत बसा म्हणून ओढत होत्या.

कोमुझ वाजला. तार तुटली तेव्हा सगळ्या माळानं श्वास रोखला, आणि दोन तारांवर ते वादन चाल धरून वर चढत गेलं तेव्हा कुबात लहान पोरासारखा रडला. सागिनचे डोळेही कोरडे राहिले नाहीत. शेजारी अपा मान डोलवत होती.

वादन संपलं. लोक ओरडणार, तेवढ्यात उमसुनायनं हात वर केला. पट्टी अजून फिरत होती. कर्ण्यातून घोडी खिंकाळली. मग शहरी वळणाचा एक पुरुषी आवाज आला: "मुली, नोंदीसाठी वादकाचं नाव सांग इथं. जोरात."

काहीच नाही. नुसती खरखर.

"अगं सांग की! पट्टी संपतेय."

पुन्हा खरखर. मग एका पोरीचं अडकलेलं, लाजलेलं हसू. माळावरच्या म्हाताऱ्यांनी एकमेकींना कोपरं मारली. त्यांनी ते हसू ओळखलं होतं. बावीस वर्षांची बुरुल, लग्नाला चार महिने झालेले.

आणि मग एक जाड, थकलेला, खूश आवाज: "तिला कशाला छळतोस, बाबा? सून आहे ती आमची. जीभ कापलीस तरी सांगायची नाही. मीच सांगतो, लिही. बेक्तुर. कोक-बुलाकचा."

पट्टी संपली. माळावर जो गलका उठला, त्यात घोडे बिथरले. अपा डोळे पुसत म्हणाली, "चांगली पोर. चांगल्या घरची सून."

उमसुनायनं पिशवीतून कार्ड काढलं आणि गुडघ्यावर ठेवलं. सागिन वाकून बघत राहिला. वरच्या घरचे थोरले, या ओळीवर तिनं रेघ मारली नाही. त्याच्या खाली, आपल्या अक्षरात, नाव लिहिलं. ती दुसऱ्या खोऱ्यातली, तिला आडकाठी नव्हती. मग शेऱ्याच्या रकान्यात जागा शोधून, अगदी तळाशी, बारीक अक्षरात तिनं भर घातली: शेवटपर्यंत ऐकावं. वादक आपलं नाव स्वतः सांगतो.